इम्पीनं पोळं उतरवलं तो शनिवार

जुलैमध्ये मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा जेमतेम संत्र्याएवढं होतं. मागच्या अंगणात, आमच्या सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, छप्पर घराच्या भिंतीला जिथं टेकतं, तिथं वर वळचणीखाली. राखाडी, कागदी, एखाद्या पोरानं जुन्या वर्तमानपत्राचा लगदा करून चिकटवावा तसं. मी कपडे वाळत घालताना मान वर केली, तर त्याच्या बुडातल्या भोकातून एक काळी, पांढऱ्या तोंडाची गांधीलमाशी डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होती. नवा भाडेकरू आला की शेजारीण बघते तशी. मी आत जाऊन रेनोला सांगितलं. तो म्हणाला, "असतात."

माझा नवरा एवढंच बोलतो. आमच्या भागातले सगळेच पुरुष असे. त्यांचे आजे-पणजे फिनलंडहून इथं तांब्याच्या खाणींवर आले. खाणी बंद पडल्या, पण जमिनीखाली असल्यासारखं गप्प राहायची सवय काही गेली नाही. इतक्या वर्षांत मी त्याच्या एका शब्दामागचे उरलेले चार स्वतःच म्हणून घ्यायला शिकले आहे.

ऑगस्टपर्यंत ते भोपळ्याएवढं झालं. एका दुपारी रेनो त्या भिंतीजवळ लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचे घाव जमिनीतून भिंतीत गेले असणार, कारण त्या आल्या. मानेवर दोन ठिकाणी चावल्या. लहानपणापासून कितीदा चावल्या असतील, त्यानं कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. पण त्या दिवशी त्याचे ओठ माझ्या डोळ्यांदेखत फुगायला लागले. अंगावर गांधी उठल्या. तो लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला आणि घरातलं पीठ संपल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाला, "आयली, मला हवा कमी पडतेय."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला वाचवलं आणि मग मला बाजूला घेतलं. त्या म्हणाल्या, आता यांच्या शरीराला हे विष ओळखू यायला लागलंय. पुढच्या वेळी याहून जास्त होईल, आणि लवकर होईल. आमचं घर किती लांब आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी इंजेक्शनचं एक पेन दिलं. मांडीत दाबायचं. त्यानं थोडी उसंत मिळते, बाकी काही नाही. त्या उसंतीत इथं येऊन पोचायचं. नर्सनं माझ्याकडून एका संत्र्यावर सराव करून घेतला. हात स्थिर आहे तुमचा, म्हणाली. संत्र्यासाठी कुणाचा हात थरथरेल?

येताना मी दुकानातून विषाचा फवारा आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. रेनोनं त्याच्याकडे मेलेल्या उंदराकडे बघावं तसं बघितलं.

"त्या भिंतीवर नाही," तो म्हणाला.

यामागचे चार शब्द मला माहीत होते. आमच्या सौनाचे ओंडके त्याच्या आजोबांनी तासलेले. आधी ती खाली सरोवराकाठी एकटी उभी होती. रेनोचा जन्म त्या खोलीतला, त्याच्या थोरल्या बहिणीचाही. त्यांची आई गेली तेव्हा तिला शेवटचं न्हाऊ घातलं तेही तिथंच. पुढं खालची वाट खचली, तेव्हा रेनोनं एकेक ओंडका सुटा करून वर आणला आणि घराच्या पाठीला लावून सौना पुन्हा उभी केली. जुनं लाकूड ओलं-कोरडं सगळं पितं. भिंतीवर विष मारलं तर ते लाकडात मुरणार, आणि दर शनिवारी तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफेबरोबर बाहेर येऊन उघड्या अंगावर बसणार, छातीत जाणार. माझ्या वडिलांनाही अशाच एका सौनात धुतलं होतं. फवारा परत देऊन आले.

मग उरली थंडी. थंडीच्या कडाक्यात गांधीलमाश्या मरतात. नव्या राण्या तेवढ्या आधीच जंगलात जाऊन सालीखाली लपतात, आणि पोळ्याचा नुसता कागद उरतो. आमच्याकडची जुनी माणसं तो कागद जपून उतरवतात आणि सौनाच्या बाहेरच्या, कपडे उतरवायच्या खोलीत टांगतात. घराला आग लागत नाही म्हणे त्यानं. रेनोचे वडील तर त्यासाठी खास एक खिळा राखून होते. तेव्हा ठरलं, की थंडीची वाट बघायची. माझी अट एकच, की तोवर मागच्या अंगणात कुणी जायचं नाही आणि सौना पेटवायची नाही, कारण तिचं दार बरोबर त्या पोळ्याखाली उघडतं.

रेनोनं अट पाळली. शनिवारी तो घरातल्या टबात गुडघे वर काढून बसायचा आणि बाहेर यायचा तेव्हा घरात सुतक असल्यासारखा दिसायचा.

मी मात्र त्या महिन्यांत माणूस राहिले नाही, नुसता कान झाले. सगळ्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. कपडे घरात वाळवले. सफरचंदं झाडाखाली सडू दिली. त्याचे बूट झटकायचे, टॉवेल झटकायचे, उशी उलटी करून बघायचे. फ्रिजची मोटर सुरू झाली तरी मी उठून खिडक्या बघून यायचे. ते पेन त्याच्या पँटच्या उजव्या खिशात असायचं आणि तो दाराबाहेर पडताना मी खिशावर हात थोपटून बघायची. "लग्नाआधी असं केलं असतंस तर बरं झालं असतं," तो एकदा म्हणाला. त्या उन्हाळ्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोळं दिसायचं. ते वाढत होतं. त्याच्या भोकाशी कायम दोन-तीन जणी बसलेल्या असायच्या, काही न करता. कामावर जाणाऱ्यांची मला तितकी भीती वाटत नव्हती. या बसून राहणाऱ्यांची वाटायची.

इम्पी, रेनोची बहीण, एक शेत ओलांडून राहते. सत्तरी केव्हाच उलटली, एकटी असते, आपली लाकडं आपण फोडते. आई गेल्यावर रेनोला तिनंच वाढवलं, त्यामुळे माझ्या घरात ती दार न वाजवता येते. ती मला म्हणाली, "कागदाच्या पिशवीला घाबरून नवऱ्याला बिनआंघोळीचा ठेवलास की, बाई." मी तिला डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते पहिल्यापासून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतल्यासारखं केलं आणि म्हणाली, पोळं इतकं उंच आहे म्हणजे यंदा बर्फ खिडक्यांपर्यंत येणार. इम्पीकडून विचारलेल्याचं उत्तर मिळेल अशी आशा अलीकडे कुणी ठेवत नव्हतं. म्हातारी हट्टी होत चाललीय, असं आम्ही म्हणायचो.

सरोवर आमच्याकडे शरदातही ऊब धरून बसतं. ऑक्टोबर अर्धा सरला तरी थंडी नावापुरती. मग एका सकाळी गवतावर पीठ भुरभुरल्यासारखं हिम दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बटाट्याचा पाला काळा पडला. पोळ्याच्या भोकाशी बसलेल्या बायका दिसेनाशा झाल्या. रेनो खिडकीशी उभा राहून माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, अजून आठवडाभर. तो मान हलवायचा आणि पुन्हा टबाकडे जायचा.

त्या शनिवारी आम्ही सामान आणायला गावात गेलो होतो. परत आलो तर सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. मी गाडीतून उतरून मागं गेले. वळचणीखाली काहीच नव्हतं. भिंतीवर नुसता एक गोल, फिकट डाग. पिशव्या हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले. मला वाटलं होतं मला हायसं वाटेल, पण मी त्या डागाभोवती माश्या शोधत राहिले.

सौनाच्या दारातून इम्पी बाहेर आली. हात काजळीनं माखलेले. सकाळी शिडीवर हिम असतानाच ती वर चढली होती. पाव कापायची सुरी, पिठाचं पोतं, आणि भोकात कोंबायला रेनोचा जुना मोजा. पोळं अख्खं उतरवून तिनं बापाच्या खिळ्याला टांगलं होतं, आणि भावासाठी भट्टीही पेटवून ठेवली होती.

"मेल्यात का सगळ्या?" मी विचारलं. ती हात पुसत होती. मी पुन्हा विचारलं, पुढं जाऊन.

"कान लावून बघितलं मी," ती म्हणाली. "टिचक्या मारल्या. आत काही नाही. नुसता कागद. जा आता, तापलीय चांगली. मी पाव घेऊन येते."

आम्ही आत गेलो. बाहेरच्या खोलीत, कपडे टांगायच्या खुंट्यांच्या वर, ते लोंबत होतं. जवळून बघितल्यावर सुंदर होतं, हेही सांगायला हवं. राखाडीच्या इतक्या छटा, एकावर एक लाटा. रेनोनं त्याच्यावर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि तो जरा वेळ तसाच उभा राहिला.

"आजच्या दिवस बाहेर ठेवू या का हे?" मी म्हटलं.

"बाबा इथंच लावायचे."

ते खरं होतं. पण बाबांच्या वेळची बाहेरची खोली म्हणजे फटीफटींच्या फळ्या होत्या, तिथं बादलीतलं पाणीसुद्धा गोठायचं. सौना वर आणल्यावर रेनोनं ती खोली नव्यानं बांधली. भिंतीत कापूस भरला, खिडकीला दुहेरी काच लावली, आणि सारखी आत ऊठबस नको म्हणून भट्टीचं तोंडही त्याच खोलीत काढलं. आता तिथं माणूस उघड्या अंगानं बसून कॉफी पिऊ शकत होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कपडे काढून खुंट्यांवर टांगले. रेनोची पँट कोपऱ्यातल्या खुंटीवर, नेहमीच्या जागी. आतल्या वाफेच्या खोलीत गेलो, दार ओढून घेतलं. इम्पीनं मेपलची लाकडं भट्टीत ठासून भरली होती, आत अशी धग होती की नाकातले केस सुकावेत. वरच्या फळीवर बसलो. रेनोनं दगडांवर पहिलं पाणी टाकलं, वाफ पाठीवर आली, आणि त्यानं असा श्वास सोडला की जणू ऑगस्टपासून धरून ठेवला होता. सीडरच्या डहाळ्यांच्या जुडीनं, रीत आहे तशी, मी त्याची पाठ बडवली. मानेवर काही खुणा उरल्या नव्हत्या. मला रडू आलं, पण सौनात ते कुणाला कळत नाही.

तिसऱ्यांदा पाणी टाकलं. दगड फुसफुसले आणि गप्प झाले. आवाज मात्र गप्प झाला नाही.

मला वाटलं भट्टीचा असेल. लाकूड ओलं असलं की गुणगुणतं. मी रेनोकडे बघितलं. तोही ऐकत होता. मी खाली उतरले, दाराला हातभर काच आहे ती पुसली आणि पलीकडे बघितलं.

पोळं हलत होतं. टांगलेलं हलतं तसं नाही, त्याची कातडीच हलत होती. मोजा खाली पडलेला. भोकातून त्या एकीला एक रेटत बाहेर पडत होत्या, उबेनं झोपेतून उठवलेल्या, रागावलेल्या. खिडकीच्या दुहेरी काचेवर चढत होत्या, दिव्याभोवती फिरत होत्या. माझ्या परकरावर होत्या. पोळ्याखालच्या कोपऱ्यातल्या पँटवर तर कापडच दिसत नव्हतं.

"किती?" रेनोनं मागून विचारलं.

"पुरेशा," मी म्हटलं.

त्याला आणखी काही विचारावं लागलं नाही. पेन त्या पँटमध्ये होतं. बाहेर जायचं दार त्या खोलीपलीकडे. भट्टीचं तोंडही तिथंच, म्हणजे जाळ कमी करणंही आमच्या हातात नव्हतं. आणि आत धग वाढत होती, कारण इम्पीनं कधी कुणाला कमी वाढलेलं मला आठवत नाही.

दाराखाली बोटभर फट आहे. बसायला घेतलेले तागाचे टॉवेल मी पाण्यात बुडवून तिथं कोंबले. पण त्याआधीच एक आत आली होती. ती आम्हाला तेव्हा दिसली जेव्हा ती रेनोच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर हवेत थांबली. तो हलला नाही. उघडा, घामेजलेला, वरच्या फळीवर हात मांड्यांवर ठेवून बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर ती, तिचं ते पांढरं तोंड. डहाळ्यांची जुडी माझ्या हातात होती, पण माझा नेम चुकला तर ती कुठं जाईल हे मला माहीत होतं. मग ती वर गेली. छताजवळ गेली आणि तिथल्या धगीत दगडासारखी खाली पडली. फळीवर टक् असा आवाज झाला.

मी रेनोला खाली जमिनीवर बसवलं. बादलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. आता थोडंच उरलं होतं. त्याचा चेहरा लाल होता, मानेवरची शीर उडताना दिसत होती. साठी ओलांडलेल्या माणसाला ही धग किती वेळ सोसेल, याचा हिशेब मी करत नव्हते. तो आपोआप होत होता.

"मी जाते," मी म्हटलं. "मला चावून चावून काय होणार आहे? सुजेन."

"नाही."

"रेनो."

"तू दार उघडलंस की त्या आत येणार," तो म्हणाला. "इम्पी येईल. तिला हाक मार."

जमिनीलगत हवेसाठी एक झडप आहे, पावाच्या लादीएवढी. ती अंगणातल्या पायवाटेवर उघडते. मी पालथी पडले, झडप सरकवली आणि गार हवेला तोंड लावलं. पायवाट रिकामी होती. तरी हाका मारल्या. घशाला कोरड पडली होती, आवाज चिरकत होता. जंगल ऐकून घेत होतं.

मग बूट दिसले. इम्पीचे, एकाला दोरीची नाडी असलेले. शेताकडून सावकाश येत होते.

मी ओरडले. तिचं नाव घेऊन, आत येऊ नकोस, माश्या जिवंत आहेत, रेनो आत अडकलाय, असं सगळं ओरडले. बूट येत राहिले. माझ्यापासून चार हातांवरून गेले. मी इतक्या जोरानं ओरडत होते की रेनोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते बूट थबकलेसुद्धा नाहीत. त्याच चालीनं, ताज्या पावाचा वास मागं सोडत, ते दाराच्या दिशेनं निघून गेले.

त्या क्षणी मला कळलं. न मिळालेली सगळी उत्तरं, सगळे हट्ट. तिनं पोळ्याला कान लावला होता आणि तिला काही ऐकू आलं नव्हतं, कारण तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

आणि आता ती बाहेरचं दार उघडून त्या खोलीत पाऊल टाकणार होती.

मी रेनोला विचारलं नाही. एक ओला टॉवेल डोक्यावरून घेतला, चेहऱ्याभोवती गुंडाळला, दार उघडलं, बाहेर झाले आणि पाठीनं ते लोटलं. पन्नाशीची, पोट सुटलेली, डोक्यावर टॉवेल आणि अंगावर चिंधी नाही. त्या क्षणी मला लाज वाटली असती तर बरं झालं असतं. माझ्या आत भीतीशिवाय कशालाच जागा नव्हती. पळायचं नाही, हात झाडायचे नाहीत, हे लहान मुलांनाही शिकवतात. मी चालले. पहिली दंडावर चावली, मग खांद्यावर, मग मोजणं शक्य नव्हतं. तापलेले खिळे ठोकावेत तसं. मी खुंटीवरून पँट ओढली आणि मुठीत आवळली, तशी मुठीतही चावली.

समोरचं दार उघडलं. इम्पी उंबऱ्यात उभी होती, हातात फडक्यात गुंडाळलेला पाव. तिच्या मागून ऑक्टोबर आत आला.

मी टॉवेल बाजूला करून तोंड दाखवलं आणि एकच शब्द म्हटला, ओठांनी, मोठा करून. "रेनो."

तिनं माझ्याकडे बघितलं, वर खिळ्याकडे बघितलं. पाव खाली पडला. अंगातला लोकरी कोट तिनं कधी काढला ते मला दिसलं नाही. तो पोळ्यावर टाकला, त्याच्यासकट ते कवेत घेतलं, खिळ्यावरून उपसलं आणि उंबऱ्याबाहेर गेली. पागोळ्यांचं पाणी साठवायचं पिंप तिथंच आहे, वर बर्फाची पापडी धरलेलं. इम्पीनं कोट त्यात घातला आणि दोन्ही हातांनी कोपरापर्यंत दाबून धरला. दाबतच राहिली. तिच्या गालावर एक बसली होती, ती तिनं झटकली नाही.

मी भट्टीचं दार बंद केलं, धुराड्याची झडप ओढली, बाहेरचं दार उघडं राहायला ओंडका लावला. गार वारा सरळ आत येत होता. खिडकीवरच्या माश्या एकेक करून सुस्तावल्या, घसरल्या, खाली पडून दारुड्यासारख्या रांगायला लागल्या. खोली मोकळी होत होती. आणखी जरा थांबलो असतो तर सगळं निभावलं असतं.

पण रेनो त्या काचेतून मला बघत होता. माझे डोळे मिटत चालले होते, मी भिंतीला धरून खाली बसले, तेवढं त्याला दिसलं. तो बाहेर आला. दोन पावलं टाकली माझ्याकडे, अनवाणी.

"चावली वाटतं," तो म्हणाला आणि तळपायाकडे बघू लागला.

खिसा सापडेना. पँट ओली होती, मुठीत पीळ बसलेला, आणि माझी बोटं सुजून एकमेकींना चिकटल्यासारखी झाली होती. मग पेन हाताला लागलं. टोपण दातांनी काढलं. रेनो खाली बसला होता, ओठ आत्ताच पांढरे पडले होते, आणि माझ्याकडे बघत होता, मी शिवण घालत असताना बघतो तसा, शांतपणे. मी त्याच्या मांडीत पेन खुपसलं आणि दाबून धरलं. हात थरथरत होता. संत्र्याचं काही सांगू नका मला.

घरातून रजई आणली ती इम्पीनं. गाडीत त्याला मागच्या बाकावर घातलं ते तिनं आणि मी मिळून. मला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम, म्हणून गाडी चालवायला ती बसली. माझ्या अंगावर रेनोचाच एक जुना कोट होता, खाली काही नाही. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अॅम्ब्युलन्स बोलवावी की नाही यावर कुणी बोललंच नाही. ती येऊन परत जाईपर्यंतची उसंत त्या पेनात नव्हती.

रस्ता जंगलातून जातो, वळणावळणांचा. रेनोच्या छातीतून शिट्टी वाजत होती. शिट्टी वाजत होती तोवर मला धीर होता.

"घेतोय का?" इम्पीनं पुढून विचारलं.

"घेतोय," मी म्हटलं.

"घेतोय का तो?"

मी ओरडून सांगितलं. तिचे डोळे रस्त्यावर होते, माझे ओठ तिला दिसत नव्हते. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिचा आवाज असा फुटला की मी तिला त्या आवाजावरून ओळखलंच नसतं. आरशात बघायला तिनं मान वळवली तशी गाडी कडेच्या खडीवर गेली.

मी हात लांब करून तिच्या खांद्यावर ठेवला. रेनोनं श्वास घेतला, मी खांदा दाबला. त्यानं सोडला, मी सैल केला. पुन्हा घेतला, पुन्हा दाबला. तिला कळलं. तिनं मान सरळ केली आणि मग विचारणं बंद केलं.

अशा आम्ही दोघी गेलो. झाडं, वळणं, मिठागरासारखा पांढरा सरोवराचा तुकडा एकदा दिसला. त्याचा श्वास लहान होत गेला, तसं माझं दाबणंही. पुलाच्या अलीकडे एकदा तो आलाच नाही. माझा हात तिच्या खांद्यावर तसाच पडून राहिला. इम्पीनं पाय रेटला. गाडी पुढं झेपावली, इतकी की माझं डोकं मागं आपटलं. मी त्याच्या छातीवर मूठ मारली, त्याचं नाव घेतलं, शिव्या दिल्या, आणि मग कुठूनतरी, फाटक्या पिशवीतून यावा तसा, तो आला. मी तिचा खांदा इतक्या जोरात आवळला की दुसऱ्या दिवशी तिथं माझी पाच बोटं उमटलेली होती.

दवाखान्याच्या दारात त्यांनी त्याला आमच्याकडून घेतलं. मलाही एका खाटेवर घातलं, सुया टोचल्या, चेहऱ्यावर थंड पट्ट्या ठेवल्या. मी उठून बाहेरच्या बाकावर आले. इम्पी तिथं बसली होती, कोटाशिवाय, बाह्या अजून ओल्या, गाल भाकरीसारखा फुगलेला. मी शेजारी बसले. तिला बरंच काही सुनवायचं माझ्या मनात होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दोन हिवाळे झाले. सांगितलं असतं तर तुम्ही मला घर सोडायला लावलं असतं."

लावलंच असतं.

पुष्कळ वेळानं त्याच डॉक्टरीणबाई आल्या. त्या उभ्या राहून बोलायला लागल्या, भरभर, मुखपट्टी हनुवटीवर ओढून. घसा उघडलाय, आज रात्र इथंच ठेवू, धोका टळला असं मी उद्या म्हणेन, आज नाही. मी ऐकत होते. इम्पीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे पाठ थोडी वळवून बसली होती, मान ताठ, डोळे समोरच्या भिंतीवर, आणि माझ्या हाताची वाट बघत होती.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. सैल केला. पुन्हा दाबला.

ती पुढच्या दाबाची वाट बघत राहिली.